ईदच्या आधी सोफ्याला रंग देताय? आधी हे तपासा

ईद जवळ आली की घराची साफसफाई सुरू होते आणि नजर बैठकीतल्या जुन्या सोफ्यावर जाते. डोकं टेकायच्या जागी तेलाचे डाग, हातांवरचा रंग उडालेला. नवा घेणं परवडत नाही, मग घरीच रंग द्यावा का? जरूर द्या, पण आधी सोफा खऱ्या चामड्याचा आहे का, ते बघा. लेदर म्हणून घेतलेला सोफा पुष्कळदा रेक्झीनचा निघतो.

गादीची चेन उघडून शिवणीजवळची आतली बाजू पाहा. मऊ, केसाळ तंतू दिसले तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर बहुतेक रेक्झीन. रेक्झीनची साल निघत असेल तर रंगावर पैसे घालू नका, सालीबरोबर रंगही निघेल. त्यापेक्षा नवं कव्हर शिवून घ्या.

चामडं असेल तर आडबाजूला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब वरच थांबला तर चामड्यावर आधीपासून रंगाचा थर आहे, असा सोफा घरी रंगवता येतो. थेंब आत मुरला तर चामडं उघडं आहे. त्यात डाग आणि रंग असमान मुरतात, ते काम जाणत्या कारागिराला द्या.

आता काम कसं करायचं?

१. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन तेलकटपणा काढा. तेल राहिलं तर रंग धरत नाही. हे द्रव चटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस, अगरबत्ती बंद ठेवा.
२. खरखरीत जागी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. भेगा असतील तर लेदर फिलर भरा.
३. चामड्यासाठीचाच पाण्यात मिसळणारा रंग घ्या. आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून बघा. मग स्पंजने तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा.
४. शेवटी वरून लेदर फिनिश लावा. ते राहिलं तर घासून रंग कपड्यांना लागतो.

बुटाचं पॉलिश लावू नका. त्यातलं मेण सुटतं आणि ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावर काळा डाग पडतो. ऑइल पेंटही नको, चामडं वाकलं की तो तडकतो.

आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. म्हणून सोफा उन्हात वाळवू नका, चामडं कडक होतं. कूलरसमोरही नको, दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. सकाळी, सावलीत काम करा. एक दिवस तरी कुणाला बसू देऊ नका आणि ईदच्या आठवडाभर आधीच काम उरका.

इस्लामने इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत केली आहे. चांगल्या चामड्याचा सोफा भंगारात देणं हा इस्राफ, तसाच साल निघालेल्या रेक्झीनवर महागडा रंग ओतणं हाही इस्राफच. म्हणून बाटली विकत घेण्याआधी चेन उघडून बघा.