कठाणी गुरांच्या रक्तातून केंद्रकाम्ल कसे वेगळे करतात

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांत रोवणीपूर्वी चिखलणी करणारी कठाणी गुरे येथील शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाची आहेत. पूर्वी गावठी म्हणून गणल्या गेलेल्या या गुरांना कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदविले असून २०२३ च्या आरंभी तसे जाहीर झाले. परंतु नोंदणी झाली म्हणजे जात टिकली असे नव्हे. मोकाट वळूंमुळे होणारा संकर आणि चांगल्या गोऱ्ह्यांचे सरसकट खच्चीकरण चालू राहिल्यास जातीचे वेगळेपण हळूहळू लोपते. ते किती शिल्लक आहे, हे केवळ रंग व शिंगे पाहून नेमके ठरत नाही. त्यासाठी रक्ताच्या पेशींतील डीएनए या केंद्रकाम्लाची परीक्षा करावी लागते.

केंद्रकाम्ल पेशीच्या केंद्रकात असते आणि आईबापांचे गुण त्याच्याद्वारे वासरात उतरतात. १८६९ साली फ्रीड्रिख मीशर या शास्त्रज्ञाने जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातील पांढऱ्या पेशींतून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. गाईबैलांच्या रक्तातील पक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते. म्हणून आजही पांढऱ्या पेशींचाच उपयोग करावा लागतो. कोंबडीच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असल्याने तिचे थोडेसे रक्तही पुरते.

रक्त पशुवैद्यकाने जनावराच्या मानेच्या शिरेतून घ्यावयाचे असते. सुमारे १० मिलिलिटर रक्त पुरेसे होते. २५० किलो वजनाच्या बैलाच्या अंगात चौदा लिटरांच्या आसपास रक्त असल्याने त्याला अशक्तपणा येण्याची भीती नाही. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए हे द्रव्य असते. नळी जोराने हलवू नये. आठदहा वेळा हळुवार उलटीसुलटी करावी व बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेकडे पाठवावी. उन्हात राहिलेल्या नमुन्यातील केंद्रकाम्लाचे तुकडे होतात आणि सारे श्रम वाया जातात.

प्रयोगशाळेत प्रथम अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने तांबड्या पेशी फोडतात. नंतर नळी यंत्रात वेगाने फिरविली म्हणजे पांढऱ्या पेशी तळाशी बसतात. साबणासारख्या द्रव्याने त्यांची आवरणे फोडून प्रोटिनेज-के या एंझाइमाने प्रथिने पचवितात. उरलेली प्रथिने फेनॉल व क्लोरोफॉर्म यांनी काढून टाकतात. फेनॉलने कातडी भाजते, म्हणून हे काम हातमोजे घालूनच करतात. वरचा स्वच्छ द्रव वेगळा काढून त्यात किंचित मीठ व थंड अल्कोहोल मिसळताच कापसाच्या धाग्यांसारखे पांढरे केंद्रकाम्ल दिसू लागते. ते ७० टक्के अल्कोहोलने धुऊन, सुकवून विरघळवितात.

शुद्धता पाहण्यासाठी त्यातून २६० व २८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे अतिनील किरण सोडतात. दोन्ही शोषणांचे गुणोत्तर १.८ च्या जवळ आले तर नमुना शुद्ध समजावा. ते बरेच कमी आले तर प्रथिने किंवा फेनॉल राहिले असे जाणावे.

परंतु शुद्ध केंद्रकाम्लही चुकीच्या जनावराचे असेल तर निष्कर्ष चुकतो. एकाच वळूची चार वासरे तपासली तर जातीचे खरे चित्र मिळत नाही. यास्तव निरनिराळ्या गावांतील, परस्परांशी नाते नसलेली गुरे निवडावी लागतात. तेव्हा नमुना देताना शेतकरी बंधूंनी जनावराचे आईबाप ठाऊक असल्यास ते अचूक सांगावे आणि ठाऊक नसल्यास तसेच स्पष्ट सांगावे. चिखलात कोणता बैल टिकतो हे रक्ताच्या नळीपेक्षा शेतकऱ्यालाच अधिक कळते. असा एखादा उत्तम गोऱ्हा खच्ची न करता गावाचा वळू म्हणून राखला, तरच या परीक्षेचे सार्थक होईल.