रूट ६६ वर निघालेली जुनी मिआटा

जुन्या मोटारीची किंमत ठरवताना बाजारात पहिली नजर जाते ती ओडोमीटरवर, म्हणजे गाडी आजवर किती धावली हे दाखवणाऱ्या आकड्यावर. परंतु तीस वर्षांची स्पोर्ट्स कार विकत घेऊन तिच्यातून हजारो किलोमीटरच्या प्रवासाला निघू पाहणाऱ्याला हा आकडा अर्धीच माहिती देतो. इंजिनातले धातूचे भाग झिजतात ते धावण्याने, पण रबर, प्लास्टिक आणि निरनिराळी तेले खराब होतात ती काळाने, आणि गाडी गॅरेजात झाकून ठेवली म्हणून तो काळ थांबत नाही. भर रस्त्यात गाडी बंद पाडणारे भाग बहुधा या दुसऱ्या गटातले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षे उभी राहिलेली ‘कमी चाललेली’ गाडी ही रोज वापरातल्या गाडीपेक्षा लांबच्या प्रवासाला अधिक भरवशाची असते, हा समज तपासून घ्यायला हवा.

याचे चांगले उदाहरण म्हणजे माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मिआटा म्हणतात ती. भारतात माझदा हे नाव लोकांना माहीत झाले ते मुख्यतः ‘स्वराज माझदा’च्या छोट्या ट्रक आणि बसमुळे, अमेरिकेत मात्र १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात याच कंपनीने एक रोडस्टर, म्हणजे कापडी टप मागे दुमडून ठेवता येणारी दोन आसनांची गाडी, लोकांसमोर ठेवली. तिचे वजन सुमारे ९६० किलो होते, इंजिन १.६ लिटरचे आणि ११६ अश्वशक्तीचे होते, आणि साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांचा हलकेपणा तिने घेतला असला तरी त्या गाड्यांची तेलगळती आणि विजेच्या तक्रारी घेतल्या नव्हत्या. १९९७पर्यंत चाललेल्या या पहिल्या पिढीतल्या गाड्या आजही अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मिळतात, आणि अशी गाडी घेणाऱ्याला साहजिकच मोह होतो तो त्याच शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत गेलेल्या रूट ६६चा. १९२६ साली क्रमांक मिळालेला आणि १९८५ साली अधिकृत महामार्गांच्या यादीतून वगळलेला हा सुमारे ३,९४० किलोमीटरचा रस्ता आठ राज्यांतून जातो, आणि त्यावर इलिनॉयची सपाट शेते, ॲरिझोनातले २,१०० मीटर उंचीवरचे फ्लॅगस्टाफ आणि मोहावीचे वाळवंट असे तीन अगदी वेगळे प्रदेश गाडीला सोसावे लागतात.

तयारीची सुरुवात पान्याने नव्हे, कागदांनी होते. आधीच्या मालकाकडची गॅरेजची बिले आणि तेल बदलल्याच्या नोंदी मिळाल्या, तर कोणता भाग किती जुना आहे हे कळते. ज्याची नोंद नाही तो भाग बदललेलाच नाही असे धरून चालणे शहाणपणाचे असते. विकणाऱ्याने ‘मागेच बदलला’ असे तोंडी सांगितलेल्या गोष्टीही याच खात्यात टाकाव्यात. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल ही सगळी एकाच वेळी नवी भरून तारीख लिहून ठेवली, की नव्या मालकाला स्वतःचा असा एक आरंभबिंदू मिळतो.

सर्वांत जपून पाहावा तो टायमिंग बेल्ट. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाच्या तळाशी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची आणि वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची गती जुळवून ठेवतो, आणि तो तुटला की इंजिन तिथल्या तिथे थांबते. पहिल्या पिढीच्या मिआटामध्ये पट्टा तुटल्यावरही झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे इंजिन वाचते. तरीही वाळवंटात टोइंगच्या गाडीची वाट पाहावी लागते ती लागतेच. कंपनीने सांगितलेली मर्यादा ६० हजार मैलांची, म्हणजे साधारण ९६ हजार किलोमीटरची आहे, परंतु गाडी तितकी धावली नसली तरी जुना पट्टा बदलावाच. त्याच वेळी वॉटर पंपही बदलावा, कारण तो फिरतो बाहेरच्या अल्टरनेटरच्या पट्ट्यावर, पण तो काढायचा तर टायमिंग बेल्टपर्यंतचे सगळे उघडावे लागते आणि ती मजुरी दोनदा देण्यात अर्थ नसतो. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यांच्या क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे, आणि त्यावरची पुली पक्की बसवणारी चावीची खाच मधला बोल्ट सैल राहिला तर झिजत जाते. मग पुली डुगडुगते, इंजिनाचा जोर कमी होतो आणि शेवटी क्रँकशाफ्टच बदलण्याची वेळ येते. पुलीवर चार खाचा असतील तर टोक आखूड आणि आठ असतील तर नंतरचे लांब टोक, अशी त्याची साधी ओळख आहे. पट्टा बदलताना हाच बोल्ट सोडवावा लागतो, म्हणून आखूड टोकाची गाडी या दोषाची माहिती असलेल्या मेकॅनिककडेच द्यावी.

यानंतर महत्त्वाची आहे ती इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा. या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची असते, नवी असताना ती काळी दिसते आणि उष्णतेने म्हातारी होत गेली की तपकिरी पडते. असा रंग दिसला की गळती नसली तरी रेडिएटर बदलावा, कारण ठिसूळ झालेले प्लास्टिक चिरते ते नेमके चढावर, जेव्हा आतला दाब सर्वाधिक असतो. होज पाइप बोटांनी दाबून पाहावेत: दाबताना करकरणारा किंवा टोकाशी फुगलेला पाइप प्रवासाला न्यावयाचा नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला, चालकासमोरच्या पत्र्यालगत, हीटरकडे जाणारे पाइप असतात आणि ते बॉनेट उघडल्यावर सहज दिसत नाहीत. तिथेच कॅमशाफ्टची स्थिती मोजणारा सेन्सर असतो, त्याची छोटी रबरी रिंग कडक झाली की तेल झिरपून त्या पाइपांवर ठिबकते आणि त्यांचे रबर मऊ करते. काही रुपयांत मिळणारी रिंग अशा रीतीने मोठा पाइप फोडू शकते, हे लक्षात घेतले तर लहान गळतीकडे दुर्लक्ष का करू नये हे पटते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओल मुरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिल्यास ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जात असल्याने पेडल तळाला जाते पण चाकांवर पकड येत नाही. क्लचही याच तेलावर चालतो, आणि त्याचा गिअरबॉक्सच्या बगलेतला स्लेव्ह सिलिंडर या गाडीत वारंवार गळतो, म्हणून त्याची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का ते पाहावे.

टायरची नक्षी खोल असली तरी वय पाहावे. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या संकेताचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१९’ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. डिकीतल्या स्टेपनीचेही वय वाचावे, कारण कित्येकदा ती गाडीइतकीच जुनी निघते. तिच्यावर चार आकड्यांऐवजी तीनच असतील, तर ती २००० सालाच्या आधीची असते.

बॅटरीही डिकीतच आहे, आणि मूळची बॅटरी वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या जोडलेली, बंद प्रकारची होती. स्वस्तात साधी बॅटरी बसवलेली असेल तर तिच्या आम्लाच्या वाफेने भोवतीचा पत्रा गंजतो. कापडी टपावरचे पाणी आसनांच्या मागे असलेल्या नळ्यांतून खाली जाते, त्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या तर पाणी गालिच्यात आणि दारांखालच्या पत्र्यात साठते. मागची प्लास्टिकची खिडकी टप दुमडण्याआधी चेन उघडून सपाट आडवी करावी, नाहीतर थंडीत ती घडीवर चिरते.

नवी गाडी हाती आली की मोठी चाके आणि खाली बसवलेले सस्पेन्शन यांची हौस अनावर होते. प्रवासाआधी हे करू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते; एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्यावर आवाज येऊ लागला तर तो कशाचा, हे शोधणे अवघड होते. त्याऐवजी दुरुस्त्या निघण्याच्या किमान महिनाभर आधी संपवून, दोनतीनशे किलोमीटरची एक चाचणी फेरी करावी, ज्यात महामार्गाचा वेग, शहरातली कोंडी आणि एखादा चढ असे तिन्ही असावे. फेरीनंतर गाडीखाली कोरा पुठ्ठा घालून रात्रभर उभी ठेवली, तर सकाळी कोणता थेंब कुठे पडला ते दिसते. इंजिन सुरू करताच वरून येणारी टिकटिक ऐकून मात्र घाबरण्याचे कारण नसते. झडपांमधले तेलावर चालणारे छोटे भाग भरेपर्यंत ती येते आणि ताज्या तेलाने बहुधा कमी होते.

सामानाची जागा थोडी असल्याने सुट्या भागांची निवडही विचारानेच करावी लागते. अल्टरनेटरचा पट्टा सोबत असावा, कारण तो तुटला तर बॅटरीचे चार्जिंग आणि वॉटर पंप दोन्ही एकदम थांबतात. त्याच्या जोडीला एखादा लिटर तेल, कूलंट, पट्टा बदलण्याचे पाने आणि हवा मोजण्याचा गेज पुरे. १९९५पासूनच्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटा खरा दाब दाखवत नाही, पुरेसा दाब आहे की नाही एवढेच सांगतो, म्हणून रोज सकाळी पट्टी काढून तेल पाहण्याला पर्याय नाही.

या साऱ्याची खरी परीक्षा प्रवासाच्या उत्तरार्धात होते. ॲरिझोनातले किंगमन सोडून जुना रस्ता धरला की सुमारे १,०८० मीटर उंचीच्या सिटग्रीव्ह्ज खिंडीकडे तीव्र वळणांचा चढ लागतो आणि तिथून ओटमन गावाकडे तसाच उतार. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची उष्णता एका जादा छोट्या रेडिएटरमधून बाहेर पडते; बंद गाडीत हे असह्य होते, पण टप उघडलेल्या मिआटात ती गरम हवा वाऱ्यावर निघून जाते. उतारावर दुसरा गिअर धरून इंजिनाच्याच ओढीने वेग रोखावा, ब्रेक मधूनमधून दाबून सोडावा, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या नीडल्सकडे उतरायचे असेल तर ओटमनमधून पहाटेच निघावे.