सात जणींचा मोर्चा



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गोदीच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा ज्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो, त्याच बाबतीत चार शब्द बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

26 मे 1989 रोजी न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांची गोष्ट. एका कंत्राटी कामगाराची बायको दोन मुलांना घेऊन कचेरीत आली. नवऱ्याने एकच शब्द तीनदा उच्चारून तिला घराबाहेर काढले होते. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही मालकाला जाब विचारता, मग ह्यांनाही विचारा की!" मी म्हणालो, "ताई, हा तुमच्या घरचा आणि धर्माचा प्रश्न. युनियन त्यात पडत नाही." ती निमूटपणे उठून गेली. पुन्हा आली नाही.

आता विचार करा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करावयाचे, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर भरपाई द्यावी लागे. त्यासाठी आम्ही फाटकावर बसत होतो. आणि इथे एका बाईची उभ्या जन्माची चाकरी एका दमात संपली, ना नोटीस, ना चौकशी, ना भरपाई. तरी मला तो हक्काचा प्रश्न वाटला नाही!

तो हक्काचाच प्रश्न आहे, असे महाराष्ट्राला ज्याने ठणकावून सांगितले, तो माणूस आपल्याच कोकणचा. हमीद दलवाई यांचा जन्म 29 सप्टेंबर 1932 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी झाला. राष्ट्र सेवा दलात ते घडले, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' पत्रात त्यांनी काम केले, आणि मराठीत कथा लिहिल्या. 1965 साली त्यांची 'इंधन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक म्हणून नाव होत होते. सुखाने लिहीत बसता आले असते. पण 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत विधानसभेवर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. मोर्चात बायका किती? सात! त्यांपैकी एक त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाई. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

हजारांचे मोर्चे आम्ही पाहिले आहेत. त्यात चालणाऱ्याला गर्दीचा आधार असतो. सात जणींना तो नव्हता. त्यांच्या अंगावर येणार होते ते त्यांचेच शेजारी आणि आप्त. म्हणून आकड्यावरून मोर्चाची ताकद मोजू नये, हे मी त्या सात जणींकडून शिकलो.

22 मार्च 1970 रोजी पुण्यास दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातच जोतीराव फुल्यांचा वारसा सांगितला होता. टाकलेल्या बायकांना आधार देणे, त्यांच्या तक्रारी वेशीवर टांगणे, हे काम मंडळाने केले. दलवाईंना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले आणि 3 मे 1977 रोजी, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले.

काही लोक म्हणतात, दलवाईंच्या टीकेने हिंदू जातीयवाद्यांचे फावले. आक्षेप ऐकून घेण्यासारखा आहे. पण दलवाई हिंदू जातीयवादावरही तितक्याच रोखठोकपणे बोलत. आणि शेजारी टाळ्या वाजवील या भीतीने घरातला अन्याय झाकावयाचा, तर कुठल्याही घरातला अन्याय कधीच उघडा पडणार नाही. आमच्या हिंदू घरांत टाकलेल्या बायका नाहीत काय? दलवाईंचे नाव घेऊन दुसऱ्याकडे बोट दाखविणाऱ्याने आधी आपले माजघर पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, धर्माच्या कायद्याला हात लावता येत नाही. पण तुर्कस्तानने 1926 मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा केला. ट्युनिशियाने 1956 मध्ये बहुपत्नीत्व बंद केले आणि घटस्फोट न्यायालयातच होईल असे ठरविले. ही मुसलमानांचीच राष्ट्रे होत.

आपल्याकडे वाट लांबली. इंदूरच्या शाहबानोंना 1978 मध्ये, चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर, तलाक मिळाला. उच्च न्यायालयाने महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरविली, आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एवढ्याशा रकमेवरून देशभर वादळ उठले व 1986 मध्ये संसदेने निराळा कायदा केला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला, की इद्दतीच्या मुदतीतच स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने केली पाहिजे. अखेर 22 ऑगस्ट 2017 रोजी, तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींच्या मताने, एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. सात जणींच्या मोर्चाला तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती. मेहरुन्निसाबाई त्याच वर्षी जूनमध्ये वारल्या. निकाल ऐकावयास त्या राहिल्या नाहीत.

2019 च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. माझ्या कामगारी बुद्धीला एक शंका येते. नवरा तुरुंगात गेला तर चूल कोणी पेटवायची? शिक्षा हवी, पण पोटगी त्याहून आधी हवी. म्हणून 10 जुलै 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही इतर स्त्रियांप्रमाणे फौजदारी प्रक्रियेच्या 125 व्या कलमाखाली पोटगी मागता येते, असे त्याने स्पष्ट केले. नव्या संहितेत ते कलम 144 वे आहे. अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करावयाचा.

या किनाऱ्याला हक्काची किंमत शिकवावी लागत नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच जण इथे गोळीबारात पडले. पण सातबारा हा जसा हक्क, तसा राहत्या घरातला कोपराही हक्कच, हे त्या बाईने माझ्या टेबलासमोर उभे राहून सांगितले होते. मला ते उशिरा कळले.

आता आमच्या कचेरीत अशी कोणी आली, तर तिला आधी बसावयास खुर्ची देतो, मग अर्जाचा कागद काढतो. तिचा धर्म विचारीत नाही. नवऱ्याच्या पगाराची पावती मात्र विचारतो.