धरणात मासे धरायचे तर...

बीड जिल्ह्यात माजलगावला सिंदफणा आणि धनेगावला मांजरा नदीवरच्या धरणात रोहू, कटला, मृगळ मिळतात. पाणी गढूळ असले की भाला कामाचा नाही, भिस्त जाळ्यावरच.

• फासजाळे : तंगुसाचे. वर तरंगते बोये, खाली वजन. त्यामुळे भिंतीसारखे उभे राहते. मासा डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. छिद्रे मोठी ठेवली तर पिल्ले निसटतात.

• फेकजाळे : घेराला शिशाचे मणी. उथळ पाण्यात गोल पसरेल असे फेकायचे.

• तराफा : थर्माकोलचा. हलका, स्वस्त, पण वाऱ्यात उलटू शकतो.

• धारदार सुरी : पाय जाळ्यात गुंतला तर कापायला.

• लाइफ जॅकेट : पोहता येत असले, तरी घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नका.