दुसऱ्या प्रकरणाचं काय झालं?

फेब्रुवारी 2025मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं शोधपत्रिकांची 'केअर' यादी बंद केली. कोणती शोधपत्रिका विश्वासाची, हे आता विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनीच ठरवायचं. ही बातमी लातूरच्या एका स्टाफरूममध्ये पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, ''मग सर, पेपर आता कुठं छापायचा?'' गेली पंधरा वर्षं आमच्याकडं हाच प्रश्न ऐकू येतो. आपल्या आधी कुणी काय शोधलं, त्यातलं काय टिकलं, हे कुणी विचारत नाही. मी शिक्षणशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातलं, म्हणून हे मला लागतं.

पीएच.डी.च्या प्रबंधात हे विचारण्याची हक्काची जागा असते. प्रकरण दुसरे : संबंधित संशोधनाचा आढावा.

जुना काळ भराभर ओलांडतो. निजामाच्या राज्यात आमची मराठवाड्यातली महाविद्यालयं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. 1958मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते. उत्तम शिकवणं कशाला म्हणतात ते वर्गात बसून कळत होतं. त्याचा अभ्यास करावा असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. पुढं 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून आलेले, म्हणजे बारावीच्या तयारीचा 'लातूर पॅटर्न' जिथं घडला तिथले. अध्यापन हाच या विद्यापीठाचा अभ्यासविषय होईल, अशी आशा तेव्हा मला खरोखर वाटली होती.

तेव्हा दुसरं प्रकरण लिहिणं कष्टाचं काम होतं. एम. बी. बुच यांनी बडोद्यातून 1974मध्ये भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण काढलं. पुढचे खंड निघत राहिले, नंतरचे एनसीईआरटीनं काढले. विषयवार प्रबंधांचे गोषवारे, आणि प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला त्या क्षेत्राचा जाणकार लेख. कुठं काम साचलंय, कुठं कुणी हातच घातला नाही, ते त्या लेखातून समजायचं. नांदेड-लातूरचे विद्यार्थी एसटीनं औरंगाबादला, पुण्याला जात, ग्रंथालयात बसून कार्डांवर टिपणं काढत. एम.फिल.चं वर्ष निम्मं यातच जाई. ते वर्ष वाया जात नव्हतं. दोन प्रबंधांचे निष्कर्ष उलटे आले तर का आले, हे विचारायला विद्यार्थी तिथंच शिके. नमुना वेगळा होता का? चाचणी कुणी तयार केली? प्रयोग किती आठवडे चालला? आयोगाच्या 2022च्या नियमावलीनं एम.फिल. बंद केलं तेव्हा ही एकमेव शाळाही गेली, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पण खरा घाव त्याआधीच्या दशकात बसला. आयोगाच्या 2010च्या नियमांनी एपीआय, म्हणजे प्राध्यापकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आणली. तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या शोधपत्रिकेतल्या लेखाला 15 गुण, त्याखालच्या, आयएसएसएन असलेल्या पत्रिकेतल्याला 10. बढती या बेरजेवर. ज्याला आठवड्याचे तास, परीक्षेचं काम आणि नॅकच्या फायली सांभाळून वाचायला रात्रच उरते, त्या प्राध्यापकाला व्यवस्थेनं सांगितलं : वाचू नकोस, छाप. तालुक्या-तालुक्यांत राष्ट्रीय चर्चासत्रं भरू लागली. अशाच एका चर्चासत्राच्या प्रोसिडिंगसाठी आलेले लेख मी तपासत होतो. व्याख्यान पद्धती आणि गटचर्चा यांची तुलना करणारे कितीतरी लेख, आणि त्यांतला पूर्वसंशोधनाचा परिच्छेद शब्दशः एकच. त्यातली चूकही प्रत्येकात जशीच्या तशी. मी ते लेख परत पाठवा म्हणालो. संयोजकांनी माझं नाव तपासनिसांतून काढलं आणि सगळे छापले. त्या लेखांवर बढत्या झाल्या, आणि पुढच्या विद्यार्थ्यांनी ते आधार म्हणून वापरले. याचा राग मला अजून आहे.

त्याच दशकात, 2014 साली, अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरची 225 संशोधनं एकत्र तपासली. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के विद्यार्थी नापास होत होते; विद्यार्थ्यांना वर्गातच काम करायला लावलं तिथं 21.8 टक्के. निष्कर्षाइतकीच त्यामागची तयारी मला महत्त्वाची वाटते. सुट्या संशोधनांचे आकडे एकत्र करायच्या या रीतीला जीन ग्लास यांनी 1976मध्ये 'मेटा-अॅनालिसिस' हे नाव दिलं. ती चालते, कारण प्रत्येक संशोधकानं गटाचा आकार, सरासरी, विचलन लिहून ठेवलेलं असतं. आमच्या किती प्रबंधांत 'टी-मूल्य 0.05 स्तरावर सार्थक' एवढं एकच वाक्य असतं! असे शंभर प्रबंध जमवले तरी त्यांची बेरीज होत नाही.

आयोगानं 2017मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी काढली. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या 1,009 पत्रिका तपासल्या. विद्यापीठांनी सुचवलेल्या या पत्रिकांपैकी 88 टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात, असं निघालं. मे 2018मध्ये 4,305 पत्रिका यादीतून वगळल्या, 2019मध्ये 'केअर' आली, आणि आता तीही गेली. मला 'केअर'चं प्रेम नव्हतं. पत्रिकेचं नाव यादीत असलं की लेख वाचायची गरज संपली, ही सवय तिनंही मोडली नाही. पण ज्या विद्यापीठांनी असल्या पत्रिका सुचवल्या, त्यांच्याच हाती पुन्हा निवड देणं मला धोक्याचं वाटतं.

सगळ्यात जास्त सल लातूर पॅटर्नचा आहे. जादा तास, सततच्या चाचण्या, प्रश्नपत्रिकांचा सराव. राज्यभरातून मुलं इथं येतात. या पद्धतीनं बारावी पार केलेला मुलगा पुढं पदवीच्या वर्गात स्वतःचं स्वतः शिकू शकतो का? 1976मध्ये स्वीडनच्या मार्टन आणि साल्यो यांनी दाखवलं, की काही विद्यार्थी मजकुराचा अर्थ शोधत वाचतात, काही विचारलं जाईल तेवढंच धरून ठेवतात. हा फरक तपासायला लातूरपेक्षा योग्य गाव कुठलं? पॅटर्नचं कौतुक करणारे लेख मी भरपूर वाचले, टीका करणारेही. त्यावरच्या संशोधनांचा एकत्रित, चिकित्सक आढावा माझ्या पाहण्यात नाही.

प्रबंध आता 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहात घरबसल्या उघडतात; एसटीची दगदग संपली. नांदेड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यास मंडळानं 1994पासूनचे महाविद्यालयीन अध्यापनावरचे आपले प्रबंध समोर घ्यावेत. दोन ज्येष्ठ आणि दोन तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांना पूर्ण मानधन देऊन वर्षभर त्याच कामाला बसवावं. प्रत्येक प्रबंधाचा नमुना, चाचणी, कालावधी आणि न जुळलेले निष्कर्ष मराठीत लिहून छापावेत, आणि त्या कामाला बढतीत पंधरा छापील लेखांइतकं मोल द्यावं. पहिला खंड लातूर पॅटर्नचा असावा.