पेप्टाइडसदृश रेणू आणि पुण्यातील संशोधन

अमिनो आम्लांना जोडून पेप्टाइड घडवणाऱ्या अमाइड बंधांचाच कणा आणि त्यावर डीएनएतील नत्रयुक्त बेस, अशी रचना असलेला पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल हा कृत्रिम रेणू १९९१ मध्ये पीटर निल्सन व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये मांडला. डीएनएच्या कण्यावरील ऋणभार येथे नसल्याने तो पूरक डीएनए किंवा आरएनएला घट्ट जोडला जातो आणि विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्याला सहजी तोडू शकत नाहीत. म्हणून रोगकारक जनुकाचा संदेश रोखणारे औषध म्हणून तो आशादायक ठरतो. मात्र तो पाण्यात कमी विरघळतो व पेशीत सहज शिरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुढे आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ कृष्ण गणेश यांच्या गटाने कण्यात वलये व धनभारित गट गुंफले. असे चिकाटीचे मूलभूत संशोधनच औषधनिर्मितीचा खरा पाया घालते.