वाघनखांचा वाद, 47 लाखांची तलवार अन् नागपूरचा अजबबंगला

पांढुर्णा/सौंसर : आपल्याकडचा माणूस नागपूरला जातो तो दवाखान्याच्या नाहीतर सीताबर्डीच्या खरेदीच्या कामानं. वेळ उरला तर पोरांना अजबबंगला दाखवतो. 1863 साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय 2025 मध्ये एकदम बातम्यांत आलं, ते वाघनखांमुळं. 7 फेब्रुवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते प्रदर्शन उघडलं आणि सोबत जुना वादही नागपुरात येऊन पोचला. नखं खरी आहेत का, आणि पैसे किती मोजले?

पहिली गोष्ट, ही नखं विकत घेतलेली नाहीत, उसनी आणलेली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या कलासंग्रहालयाशी 3 ऑक्टोबर 2023 रोजी तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी करार केला. मुदत तीन वर्षं. जुलै 2024 मध्ये नखं आधी साताऱ्यात आली, मग नागपुरात. म्हणजे मालक लंडनचाच.

खरेपणाचा प्रश्न जमिनीच्या खसऱ्यासारखा आहे. शेत कुणाचं हे सांगायला फेरफारांची साखळी लागते, मधला एक कागद गहाळ झाला की भांडण. इथं अफजलखानाचा वध 1659 चा. नखं मिळाली ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला, तो साताऱ्यात आला 1818 नंतर. मधल्या दीडशेहून जास्त वर्षांचा हिशेब कोराच. ‘हीच ती शिवाजीची नखं’ हे सांगतो तो डफ घराण्याकडून आलेल्या पेटीवरचा मजकूर. खुद्द लंडनचं संग्रहालय म्हणतं की हीच नखं वापरली गेली याची खात्री देता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा लावून धरला.

पैशाचं तर विचारूच नका. सावंत यांनी 30 कोटींचा आकडा मांडला आणि तो गावोगाव फिरला. मुनगंटीवारांनी विधानसभेत सांगितलं, भाडं एक रुपयाही नाही, प्रवास आणि करारासाठी 14 लाख 8 हजार खर्च झाला. दोन आकड्यांत इतकी दरी पडते तेव्हा कराराची प्रत लोकांसमोर ठेवणं हा सोपा उपाय असतो. त्यात राज्याभिषेकाचं 350 वं वर्ष, वर नोव्हेंबर 2024 ची विधानसभा निवडणूक. पेटीतल्या वस्तूपेक्षा पेटीजवळ फोटोत कोण उभं आहे, याचीच चर्चा जास्त व्हायची ती यामुळं.

आपल्या भागाला जास्त जवळची गोष्ट मात्र दुसरी आहे. 29 एप्रिल 2025 रोजी लंडनच्या सोदबीज या लिलावघरात रघुजी भोसले यांची तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा धरून खर्च 47 लाख 15 हजार. 18 ऑगस्टला ती मुंबईत आली. पातं युरोपातलं, मुठीवर सोन्याचं काम आणि पात्यावर देवनागरीत सेनासाहेबसुभा रघुजींचं नाव. म्हणजे इथं नावाचा कागद वस्तूवरच कोरलेला. इंग्रजांच्या हाती ती कशी लागली, याचा मात्र अंदाजच आहे. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा खजिना लुटला गेला, त्यातच गेली असावी असं सरकारकडून सांगितलं गेलं.

हेच रघुजी 1739 नंतर देवगडच्या गोंड राजघराण्याच्या वारसाभांडणात पडले आणि पुढं हा सगळा मुलूख भोसल्यांकडं गेला. देवगडचा किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे, मध्य प्रदेशात. तलवार महाराष्ट्राची. 1956 ला राज्यं वाटली, वस्तू जिथं होत्या तिथंच राहिल्या. बालाघाटच्या गुंगेरियात 1870 साली सापडलेल्या तांब्याच्या हत्यारांपैकी काही लंडनला गेली, काही अजबबंगल्यात आहेत, आणि बालाघाटच्या माणसाला ती बघायला आजही नागपूरचं तिकीट काढावं लागतं. यावर कुणी भांडत नाही, कारण त्यात कुणाला मतं दिसत नाहीत.

छिंदवाड्यातही बादल भोई आदिवासी संग्रहालय आहे, 1954 पासूनचं. नव्या रूपात त्याचं उद्घाटन 15 नोव्हेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं केलं. पांढुर्णा ऑक्टोबर 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर ऑफिस आलं, एसपी ऑफिस आलं. संग्रहालयाचं नाव अजून कुणी काढलेलं दिसत नाही.